बाबांची एकादशी आणि कोरियन जॉन

बाबा इंग्लंडला, आमच्या रीडिंग गावी आले ते एकटेच. खरं तर आईचंही तिकीट काढलेलं होतं, पण वहिनीची डिलिव्हरी जवळ आली आणि आई बंगळुरूला दादाकडे गेली. जाताना बाबांना म्हणाली, "तुम्ही मात्र जाच. तिथे येऊन तुम्ही मला काय मदत करणार आहात?" हे शंभर टक्के खरं होतं. सगळी नोकरी बँकेत काढलेल्या माझ्या वडिलांना चहासुद्धा करता येत नव्हता.

पहिले काही दिवस मजेत गेले. नदीकाठ झाला, बदकं झाली, लंडनला जाऊन फोटो काढून झाले. मग हवा पालटली. चार वाजताच अंधारून यायचं, दिवसभर भुरभुर पाऊस. नवरा सकाळीच ट्रेनने ऑफिसला जायचा, मी वरच्या छोट्या खोलीत एकापाठोपाठ एक कॉल्सवर. बाबा खाली खिडकीत बसून रस्ता बघायचे. कोणाची गाडी कुठे लागते, कोण कुत्र्याला जॅकेट घालतं, सगळं त्यांना पाठ झालं होतं. एकदा जेवताना अगदी सहज विचारावं तसं म्हणाले, "परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का गं?"

त्यांची या गावातली पहिली ओळख झाली ती कचऱ्याच्या बिनवरून. चुकीच्या आठवड्यात चुकीचा बिन त्यांनी मोठ्या रुबाबात बाहेर नेऊन ठेवला. शेजारची कोरियन बाई धावत आली, बिन परत आत ढकलत म्हणाली, "आज काळा. निळा पुढच्या आठवड्यात." ती साधारण माझ्याच वयाची, लायब्ररीत पार्टटाइम काम करायची. दोन वर्षं शेजारी राहून आमचं 'हाय-बाय'पलीकडे गेलं नव्हतं. बाबांचं मात्र त्यानंतर कुंपणावरून रोज बोलणं सुरू झालं. मी "बाबा, आत या, भिजाल" म्हणून ओरडायचे ते ऐकून तिला वाटलं त्यांचं नावच बाबा आहे. तीही "गुड मॉर्निंग, बाबा" म्हणायला लागली. बाबांनी तिची चूक काही दुरुस्त केली नाही.

मग ती एकादशी आली. सकाळी डबा उघडला तर साबुदाणा मूठभर. मी भिजवायचा तर विसरलेच होते, आणायचाही विसरले होते. "असू दे, केळी खातो," बाबा म्हणाले. ते तसं म्हणाले की जास्तच वाईट वाटतं.

तासाभराने माझ्या खोलीच्या दारावर टकटक. मी म्यूट केलं. बाबा दार किलकिलं करून कुजबुजले, "अगं, ती शेजारीण कुठल्या तरी जॉनबद्दल सांगतेय."

"कोण जॉन?"

"खायचा आहे म्हणे. बटाट्याचा."

झालं होतं असं, की बाबांनी तिला उपासाचं सांगितलं. तिने विचारलं, मग काय चालतं? बाबांनी बटाट्याचं नाव घेतल्याबरोबर ती म्हणाली, "गम्जाजॉन करा! बटाट्याचं धिरडं. फक्त बटाटा आणि मीठ. पाऊस पडला की आम्ही तेच खातो." मग आभाळाकडे बघत पुढे म्हणाली, "इथे त्या हिशोबाने रोजच खावं लागेल."

लंच ब्रेकमध्ये मी फोनवर एक रेसिपी उघडली, अर्धीच वाचली आणि कामाला लागले. बटाटे किसले, कीस घट्ट पिळला, निघालेलं सगळं पाणी सिंकमध्ये ओतून दिलं आणि कीस तव्यावर थापला. उलटायला गेले तर त्याचे तुकडे तुकडे झाले. तुकडे गोळा करेपर्यंत ते करपले, आणि स्मोक अलार्म असा काही किंचाळायला लागला की बाबा टी-टॉवेल घेऊन त्याच्याखाली उड्या मारायला लागले.

बेल वाजली. शेजारीण. स्लिपरवरच, हातात सॉय सॉसची बाटली. तिने तव्याकडे बघितलं, मग सिंककडे.

"पाणी कुठे आहे?"

"टाकलं."

"सगळं?" तिने कपाळाला हात लावला आणि हसत सुटली. मलाही हसू आवरेना.

मग तिने बाह्या वर केल्या. दुसरे बटाटे मागितले आणि सोलणं सरळ बाबांच्या हातात दिलं. आमच्या घरात हे धाडस आजवर कोणी केलं नव्हतं. बाबा गोंधळले, पण परक्या बाईला नाही कसं म्हणणार? साल निम्म्या बटाट्यासकट निघत होतं. "पातळ, बाबा, पातळ," ती म्हणत राहिली, आणि शेवटच्या बटाट्यापर्यंत ते खरंच पातळ निघायला लागलं.

तिने कीस पिळला, पण पाणी एका वाडग्यात जपून ठेवलं. थोड्या वेळाने वरचं तांबूस पाणी हलकेच ओतून दिलं. तळाशी पांढराशुभ्र, घट्ट थर बसला होता. बाबा वाकून बघायला लागले आणि एकदम मोठ्याने म्हणाले, "अगं, हा तर चीक!"

आणि मग सुरू झाले. त्यांच्या खास बँकेच्या इंग्रजीत त्यांनी तिला कुरडया समजावून सांगितल्या: गहू कसे भिजवायचे, वाटायचे, चीक कसा तळाशी बसतो, आणि कुरडया घालायच्या आधी त्यांची आई सगळ्या भावंडांना वाटीत गरम चीक आणि साखर कशी द्यायची. मी हे कधीच ऐकलं नव्हतं. ती चमचा हातात धरून तशीच ऐकत उभी राहिली. "माझी आईही," ती म्हणाली, "असंच पाणी ओतायची. मला हात लावू द्यायची नाही." मग तिने तो पांढरा थर किसात कालवला, बाबांच्या सूचनेवरून सैंधव घातलं, आणि मी तव्यावर तूप सोडलं तेव्हा भुवया उंचावल्या.

या वेळी जॉन तुटला नाही. कडा कुरकुरीत, मध्ये लुसलुशीत आणि किंचित चिवट. तिने सॉय सॉस पुढे केला. मी लेबल वाचलं: गहू. बाबांनी ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला. "नो व्हीट टुडे, मॅडम."

मग बाबांनी स्वतः फ्रिज उघडला. मला विचारत विचारत दही काढलं, त्यात दाण्याचं कूट, मिरची, सैंधव घालून कालवलं. माझ्या आठवणीत त्यांनी केलेला हा पहिला पदार्थ. तिने त्यात एक तुकडा बुडवला, चावला आणि वाटीच स्वतःकडे ओढून घेतली.

त्या दिवसानंतर स्वयंपाकघर बाबांचं झालं. माझ्या कॉलमध्ये खालून किसणीचा आवाज यायचा. एका कलीगने विचारलं, तुमच्याकडे सुतारकाम चाललंय का? उपास नसेल तेव्हा बाबा कांदा-कोथिंबीर घालून जावयाला खिलवायचे. जमलेल्या जॉनचा पहिला घाणा कुंपणापलीकडे जायचा आणि तिकडून कधी सूप, कधी मुळ्याचं लोणचं यायचं. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

एका रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन स्वयंपाकघराकडे वळवला.

"कोण आहे गं ते, ॲप्रन घालून?" आईने विचारलं.

बाबांनी वळून उलथनं हलवलं. आई इतक्या मोठ्याने हसली की मांडीवरचं दादाचं बाळ दचकून रडायला लागलं. "अहो, इकडे नका बघू, आधी तव्याकडे बघा, करपेल!" ती रडण्याच्या वरताण ओरडली, आणि बाबांनी आज्ञाधारकपणे जॉन उलटला.