गोचीड, डांस आणि आम्ही तिघं

आमच्या दवाखान्यातले केस पेपर दर दोन-तीन वर्षांनी रद्दीत जातात. किस्से मात्र जात नाहीत. दुपारी दोनच्या सुमारास पेशंट संपतात, सलीमभाई टेबल पुसून घेतात, चहा येतो आणि कुणीतरी म्हणतंच, "तो बीगलवाला आठवतो का?" झालं! मग चहा थंड होतो.

दवाखाना बिट्टन मार्केटच्या मागच्या गल्लीत. दवाखाना खानझोडे सरांचा. सर मूळचे वर्ध्याचे, वडिलांच्या नोकरीपायी लहानपणी भोपाळला आले ते इथलेच झाले. मी त्यांची असिस्टंट डॉक्टर, वैशाली. आणि सलीमभाई म्हणजे जनावर धरणारा माणूस. त्यांनी धरलं की पिसाळलेला डॉबरमनसुद्धा विचारात पडतो. आमच्याकडे हजार तऱ्हेचे आजार येतात, पण निम्मे किस्से गोचीड, माशी, डांस असल्या चावणाऱ्या जिवांचेच. जीव एवढासा, आणि करतो काय काय!

*

तर तो बीगलवाला. तरुण माणूस, घाबराघुबरा. कुत्र्याला टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, इसके पेट पे मस्से निकल आए हैं. कैंसर तो नहीं है ना? ऑपरेशन करना पड़ेगा?"

रात्रभर इंटरनेटवर वाचून आला होता. डोळे लाल. मी दिवा खाली ओढला. पोटावर राखाडी, गुबगुबीत, वाटाण्याएवढ्या सहा-सात चामखिळी. मी काही बोलायच्या आत तोच किंचाळला, "मॅडम, मस्सा चल रिया है!"

सलीमभाई हसले. मीही हसले. सर हसले नाहीत. त्यांनी कुत्र्याचा ओठ वर उचलून हिरड्या दाखवल्या. कागदासारख्या पांढऱ्या!

"हे बघ," सर त्याला म्हणाले, "कॅन्सर नाही, गोचिडी आहेत म्हणून खुश होऊ नको. हे रक्त कुठं गेलं ते बघ."

कुत्रा वाचला. दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागलं. तो माणूस आजही येतो आणि आल्या आल्या आधी स्वतःच कुत्र्याचा ओठ उचलून दाखवतो.

*

निखिल आणि मृणाल पुण्याहून बदली होऊन आलेले. नवं लग्न, एक लॅब्रॅडॉर आणि एक मांजर, मनी. दोन्ही जनावरांना लेकरांसारखं सांभाळायचे.

एका रविवारी निखिलनं कुत्र्याच्या मानेवर गोचिडीचे ड्रॉप्स टाकले. ट्यूबमध्ये थोडं उरलं. मनी शेजारीच बसली होती. "तुलाही घे गं," असं म्हणून उरलेले थेंब त्यानं तिच्या मानेवर टाकले.

दुपारी मनीचे कान फडफडायला लागले. मग पंजे. मग सगळं अंगच. दवाखान्यात आणली तेव्हा ती टेबलावर अशी थरथरत होती की खालचा स्टीलचा ट्रे वाजत होता.

कुत्र्याला जे पचतं ते मांजराला विष असतं. सगळी औषधं तशी नसतात, पण ते होतं. आम्ही तिला कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं धुतलं, पुसलं, इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. मृणाल भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती, नवऱ्याकडे बघतही नव्हती. तेच जास्त वाईट होतं.

निखिल म्हणाला, "सर, मी प्रेमानंच टाकलं हो."

सर साबणाचे हात धूत होते. मान वर न करता म्हणाले, "बहुतेक विषं प्रेमानंच दिलेली असतात, बाळा. पाकिटावरचं वाचत जा."

तीन दिवसांनी मनीनं पहिल्यांदा दूध चाटलं. तेव्हा कुठे मृणाल नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलली. "डबा आणलास का?" एवढंच. पण तो माणूस बाहेर पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडला!

*

चार इमली या सरकारी बंगल्यांच्या वस्तीतल्या एका साहेबांचा जर्मन शेफर्ड. साहेब मोठे, बोलणं त्याहून मोठं. दर महिन्याला आम्ही कुत्रा साफ करून पाठवायचो आणि दर महिन्याला गोचिडी परत.

एक दिवस साहेबांचा फोन आला. "डॉक्टर, आपकी दवाई नकली है."

सरांनी फोन ठेवला. मला म्हणाले, "चल." आम्ही बंगल्यावर गेलो. साहेब, मेमसाहेब, माळी, ऑर्डरली, सगळे व्हरांड्यात हजर. कुत्रा पुढे आणला. सरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून टॉर्च काढला आणि भिंतीच्या भेगा बघत सुटले. पायऱ्यांचे कोपरे, दाराची चौकट, मग साहेबांची पितळी पाटी. पाटीचा एक स्क्रू ढिला होता. सरांनी ती बाजूला सरकवली.

मागे अक्षरशः वस्ती होती! मोठ्या, बारीक, अंडी, सगळं खानदान.

"साहेब," सर म्हणाले, "पेशंट हा नाही. पेशंट बंगला आहे."

मेमसाहेब दोन पावलं मागे सरकल्या. साहेब पाटीकडे बघत राहिले. त्याच आठवड्यात भेगा बुजल्या, फवारणी झाली, कुत्र्याचं अंथरूण जाळलं आणि महिन्यानं पुन्हा फवारणी झाली. त्यानंतर कुत्र्यावर एक गोचीड सापडली नाही.

पुढे साहेबांची बदली झाली. जाताना ते दवाखान्यात आले, उभ्यानंच चहा घेतला आणि म्हणाले, "पच्चीस साल की नौकरी में पहली बार किसी ने मेरी नेमप्लेट के पीछे देखा."

*

घोड्यांचं जग वेगळं. मुन्नालालकडे एकच घोडी, चांदनी. लग्नाच्या वरातींत चालायची. दोन पिढ्या हाच धंदा. नाल्याच्या काठी पत्र्याचं शेड आणि पाऊस संपला की डांसांचा, म्हणजे जनावरांना चावणाऱ्या मोठ्या माश्यांचा, सुळसुळाट.

चांदनी वाळायला लागली. ताप यायचा, उतरायचा, परत यायचा. पाय सुजले. मुन्नालालला वाटलं नजर लागली. लिंबू-मिरची झालं, धूप झाला. मग आमच्याकडे आला. सरांनी रक्त घेतलं, काच मायक्रोस्कोपखाली धरली आणि मला म्हणाले, "बघ." रक्ताच्या पेशींमधून बारीक वळवळणारे जीव पोहत होते. सर्रा म्हणतात या रोगाला. डांस एका जनावराचं रक्त पितो आणि दुसऱ्याला रोग देऊन जातो.

इंजेक्शनं दिली. पण सर म्हणाले, "औषध मी देतो. डांस तुला अडवायचे आहेत." शेडला जाळी लावायची, शेण-मूत साठू द्यायचं नाही, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करायचा, तोंडावर झालर बांधायची.

झालर कुठून आणणार? मुन्नालालनं वरातीतला मोत्यांचा सेहरा काढला आणि तोच चांदनीच्या कपाळाला बांधला. मान हलली की मोती डोळ्यांवरून झुलायचे, माशी टेकायचीच नाही!

मोहल्ल्यातले लोक जाता-येता विचारायचे, "क्यों मुन्ना, आज शादी है क्या?"

"नहीं मियां, आज मक्खी है."

ऐन मोसमात एका मोठ्या घरचं बोलावणं आलं. नवरदेवाचा बाप स्वतःच शेडवर आला, त्याला पांढरीच घोडी हवी होती. आम्ही तिथेच होतो, मी पाय तपासत होते. चांदनी उभी राहायला लागली होती, पण ओझं घ्यायच्या लायकीची नव्हती. तो गृहस्थ चिडला, आवाज चढवला. म्हणाला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

मुन्नालाल हात जोडून म्हणाला, "हुजूर, आपकी बारात एक दिन की है. मेरी तो इसके साथ उमर भर की है."

तो मोसम त्यानं भाजीची हातगाडी ओढून काढला. स्वतः ओढून. पुढच्या वर्षी चांदनी वरातीत होती. आम्हाला आमंत्रण होतं, नवरदेवाकडून नव्हे, मुन्नालालकडून.

*

सगळेच किस्से असे संपत नाहीत. हा निघाला की सलीमभाई उठून बाहेर जातात, म्हणून थोडक्यात सांगते.

शहराबाहेर फार्महाऊसवर राहणारे एक वकील. बायको गेल्यावर एकटे. त्यांचा सोबती म्हणजे बादल नावाचा म्हातारा घोडा. स्वारी कधीच बंद झाली होती, दोघं नुसते सोबत फिरायचे. बादलच्या शेपटीखाली आणि आयाळीत गोचिडी झाल्या. शेजारच्या गोठ्यात म्हशींचं गोचिडीचं औषध होतं. वकीलसाहेबांनी ते पाण्यात घातलं आणि स्वतःच्या हातांनी, स्पंजनं, तासभर त्याला आंघोळ घातली.

म्हशीला चालणारं ते औषध घोड्याची आतडी बंद पाडतं. दोन दिवस बादलनं काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी आम्हाला फोन आला. पोहोचलो तेव्हा तो आडवा होता, वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघत होता. नळी घातली, तेल दिलं, सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या. संध्याकाळपर्यंत सलीमभाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मग सरांनी वकीलसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

वकीलसाहेब कोर्टात तासन्‌तास बोलणारे. तिथं एकच वाक्य बोलले.

"मैंने तो बस उसे नहलाया था."

आमच्या दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत एक पाटी आहे: 'एकाचं औषध दुसऱ्याला विचारल्याशिवाय लावू नका.' मराठीत आणि हिंदीत. सरांनी ती त्या आठवड्यात स्वतः रंगवली. अक्षर वाकडं आलंय, पण बदलू देत नाहीत.

*

आणि काळे काका.

काका अयोध्या नगरला मुला-सुनेकडे राहतात. जवळच्या मोठ्या कारखान्यात सगळी नोकरी इन्स्पेक्शनला काढली. खिडकीपाशी उजेडात बसून लोखंडाच्या घासलेल्या तुकड्यावरून अंगठा फिरवायचा आणि 'पास' किंवा 'परत' म्हणायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. त्यांचा मोती, साधा गावठी कुत्रा, तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता.

पहिल्यांदा आले तेव्हा मी दिव्याखाली मोतीला तपासलं. चिमट्यानं तीन गोचिडी काढल्या, स्पिरिटच्या डबीत टाकल्या आणि म्हणाले, "तीन होत्या काका. झालं."

"पाच आहेत," काका म्हणाले. "उजव्या कानाच्या घडीत दोन बारीक राहिल्यात. मला लागतात, पण चिमटीत येत नाहीत. त्यासाठीच तर आणलाय."

मी घडी उघडली. मोहरीएवढ्या दोन!

रोज संध्याकाळी ते मोतीला पुढ्यात घ्यायचे आणि नाकापासून शेपटीपर्यंत बोटं फिरवायचे. कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत. औषधही वेळच्या वेळी लावायचे. मी लोकांना उदाहरण द्यायचे त्यांचं.

तरीही गेल्या पावसाळ्यात मोतीच्या नाकातून रक्त आलं. रिपोर्ट आला. टिक फीव्हर, म्हणजे गोचिडीतून होणारा ताप. प्लेटलेट्स जवळजवळ नव्हत्याच.

"माझ्या हातून एक सुटली," काका म्हणाले.

मी सांगितलं, काका, मोतीचं वय झालंय. कुठलंच औषध शंभर टक्के अडवत नाही. एक गोचीड कुणाच्याही हातून सुटते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाले, "सुटली."

नऊ दिवस सून त्यांना सकाळी सोडायची, संध्याकाळी न्यायची. सलाईन चालू असताना काकांचा तळवा मोतीच्या छातीवर असायचा. दहाव्या दिवशी सकाळी मी दुसऱ्या पेशंटची पट्टी बांधत होते. काकांनी हळूच हाक मारली.

"वैशाली, थांबला गं."

मी स्टेथोस्कोप लावला. त्यांचंच बरोबर होतं.

पंधरा-वीस दिवसांनी काका एकटेच रिक्षानं आले. सलीमभाईंनी हात धरून उतरवून घेतलं. मला वाटलं काही राहिलं असेल, रिपोर्ट वगैरे. काही नव्हतं. बाकावर बसले. शेजारी एका बाईंचा घाबरलेला लॅब्रॅडॉर थरथरत होता. काकांनी विचारलं, "हात लावू का?"

त्यांनी बोटं फिरवायला सुरुवात केली. कुत्रा आधी आकसला, मग हळूहळू त्यांच्या गुडघ्यावर मान टाकून बसला.

"मागचा डावा पाय," काका म्हणाले. "बेचक्यात बघा."

होती!

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी काका येतात. कुणी बोलावलं नाही, कुणी विचारलं नाही. येणारा प्रत्येक कुत्रा आधी त्यांच्या हाताखालून जातो, मग माझ्या टेबलावर येतो. सरांनी पहिल्या दिवशी दारातून पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि आत निघून गेले.

बाहेरच्या बाकावर ऊन व्हायला लागलं तसं सलीमभाईंनी त्यांच्यासाठी आत खुर्ची टाकली, बरोबर पंख्याखाली. काका बसले. थोडा वेळ काम केलं. मग उठून भिंत चाचपत म्हणाले, "सलीम, ही खुर्ची खिडकीपाशी घे."

"वहाँ धूप आती है काका. यहाँ पंखा है, ठंडक है."

"तिथेच घे. या कामाला उजेड लागतो."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची उचलली आणि खिडकीपाशी नेऊन ठेवली.