तीनदा ओढलेलं कुलूप

दोन घरांमध्ये भिंत एकच, तीही एका विटेची, मग माणसाने कान ठेवायचे तरी कुठे? शेजारच्या काकू उशीच्या अभ्र्याला इस्त्री करत होत्या, तेवढ्यात पलीकडे भांडण पेटलं. काकूंचा हात थांबला तो थांबलाच, आणि अभ्र्यावर होडीच्या आकाराचा तपकिरी डाग पडला.

“कुलपाशीच लग्न करायचं होतं तुम्ही,” पलीकडे बायको म्हणत होती. “त्याला तरी जाता-येता तीनदा हात लावून बघता.”

“अगं, पण घर उघडं राहिलं असतं तर?”

“राहिलं होतं का?”

कुलूपवाल्याच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला.

“सांगा ना. राहिलं होतं का?”

“नव्हतं.”

“आणि ताई गेली.”

भिंतीअलीकडे काकूंनी डाग पडलेला अभ्रा हळूच घडी करून ठेवला.

झालं होतं ते असं. बायकोच्या थोरल्या बहिणीला समुद्रापलीकडे नोकरी लागली होती. किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावातून तिची बोट रविवारी सकाळी सुटायची होती. हे दोघं शनिवारी कुणाकडून तरी मागून आणलेल्या गाडीतून तिला निरोप द्यायला निघाले. अर्ध्या वाटेवर एक पेट्रोल पंप लागतो, त्याच्या पत्र्यावर घोड्याचं चित्र आहे. तिथे पोचल्यावर कुलूपवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. आपण कुलूप लावलं का? लावलं असेल. पण लावलं का? बायको नको नको म्हणत असताना त्याने गाडी फिरवली. घरी येऊन बघतो तर कुलूप जागच्या जागी, अगदी शहाण्यासारखं लटकलेलं. आणि दारातच गाडीच्या नाकातून वाफा निघायला लागल्या. ती दुरुस्त झाली सोमवारी.

आता कुणी म्हणेल, कुलपाचाच धंदा करणाऱ्याला कुलपाची एवढी धास्ती? पण खरं तर त्यालाच असायची. जिन्याखाली त्याचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढं. टेबलाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्यात कोरी किल्ली घट्ट धरून तो कानशीने घासायचा, डोळ्यापुढे धरायचा, फुंकायचा, परत घासायचा. किल्ली अडकायला लागली की तेल घालायचा नाही. तेलाने धूळ बसते म्हणायचा. पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दातांवर चोळायचा आणि दोनदा फिरवायचा, की कुलूप लोण्यासारखं चालायचं. किल्ली हरवलेल्या लोकांची दारं त्याने शेकड्याने उघडली होती, काही तर चहा निवायच्या आत. एवढ्या सहज उघडणाऱ्या वस्तूवर त्याने भरवसा ठेवायचा तरी कसा? म्हणून स्वतःचं कुलूप तो तीनदा ओढायचा. जिना उतरायचा, परत चढायचा, आणखी एकदा ओढायचा.

त्या भांडणानंतर बायकोने समुद्राचं नाव काढलं नाही. त्यानेही नाही. सव्वीस वर्षं दोघांनी बाकी सगळ्या विषयांवर भांडून घेतलं. पडदे, मीठ, दिव्याचं बटण, त्याचं घोरणं. तो एवढा एक विषय मात्र बंद पेटीसारखा घरात पडून होता.

मग एका बुधवारी त्याच्या शिकंज्यात एक पत्र धरलेलं दिसलं. बायकोनेच अडकवलं होतं, नीट घट्ट पिळून. ताई परत आली होती. त्याच किनाऱ्यावरच्या गावात, शिडं शिवणाऱ्याच्या दुकानावर खोली घेऊन राहिली होती. गुडघे गेलेत, मला प्रवास होत नाही, तुम्हीच या, असं लिहिलं होतं.

“शनिवारी जाऊ,” जेवताना तो म्हणाला.

“बघू,” बायको म्हणाली आणि वाढायला उठली.

शनिवारी त्याने दार ओढलं, कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं. जिना उतरला, चढला, ओढलं. मग गल्लीच्या तोंडाशी उभी केलेली दुकानाची छोटी व्हॅन काढायला गेला. बाजूवर हातभर किल्ली रंगवलेली ती व्हॅन. बायको व्हॅनपर्यंत येऊन म्हणाली, “छत्री राहिली,” आणि परत गेली. आली तेव्हा हातात छत्री होती. पिशवीही जरा जड दिसत होती, पण त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

रस्ता चांगला झाला होता. बायको खिडकीबाहेर बघत काहीबाही बोलत होती. मग दूरवर पत्र्यावरचा घोडा दिसला. रंग उडून त्याचे तीनच पाय उरले होते. बायको बोलायची थांबली. त्याने स्वतःशी पुष्कळ झगडून पाहिलं. गाणं गुणगुणला, कान खाजवला. पंपाशी आल्यावर पायाने आपोआपच ब्रेक दाबला.

“काय झालं?”

“काही नाही. चाकात हवा कमी वाटते.”

“हवा आहे.”

तो स्टिअरिंगला धरून बसला. “मी कुलूप लावलं होतं ना गं?”

“लावलं होतं. मी काढलं.”

तिने पिशवीत हात घालून कुलूप काढलं आणि मांडीवर ठेवलं. त्यात तिची किल्ली तशीच होती, त्यानेच घासून दिलेली. कुलूपवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“छत्रीच्या नावाखाली?”

“छत्री पण आणली. घर उघडं आहे. शेजारच्या काकू आत बसल्यात. उद्या संध्याकाळपर्यंत बसणार आहेत.”

“त्या दिवसभर आपल्या घरात करणार काय?”

“इस्त्री. आपलं टेबल त्यांच्या टेबलापेक्षा बरं आहे म्हणे.”

“अगं, गावभरच्या किल्ल्यांचे नमुने आहेत घरात! लोक विश्वासाने ठेवतात माझ्याकडे!”

“म्हणून तर काकूंना बसवलंय. नाहीतर नुसतं उघडं टाकून आले असते.” मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “परत जायचं असेल तर जा. मला इथून बस मिळते, मी विचारून ठेवलंय. मी ताईकडे जाणार, आणि मग कदाचित बरेच दिवस राहीन. पण यावेळी शंका आली म्हणून जायचं नाही हं. आता शंकेला जागाच ठेवली नाही मी.”

तो खाली उतरला. व्हॅनला एक चक्कर मारली, चारही चाकांना लाथ मारून पाहिली. पंपावरचा माणूस म्हणाला, “साहेब, हवा भरू?” तो म्हणाला, “नको. आहे.” दुसऱ्या चकरेला त्याला खिडकीतून बायको दिसली. तिने कुलूप दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि त्यातली किल्ली ती पुन्हापुन्हा अर्धी फिरवून परत आणत होती.

तो येऊन बसला. “काकूंना आतून कडी लावायला सांगितलीस?”

“त्यांना? त्या स्वतःच्या घरात असल्या तरी खुर्ची टेकवतात दाराला.”

त्याने व्हॅन सुरू केली आणि समुद्राच्या बाजूला वळवली. बायको पुढचे दहा मैल काही बोलली नाही. मग म्हणाली, “दिवे लावून ठेवलेत तुम्ही, बंद करा.” तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

ताईने दार उघडलं नाही, कारण ते उघडंच होतं. खाऱ्या हवेने फुगून ते चौकटीत बसतच नव्हतं. दोघी बहिणी आधी हसल्या, मग रडल्या, मग एकमेकींच्या केसांवरून भांडल्या. कुलूपवाल्याची नजर सारखी दाराकडे जात होती.

“जावईबापू, हात शिवशिवतायत ना?” ताई म्हणाली. “राहू द्या. इथे नेण्यासारखं काय आहे? माझे गुडघे?”

संध्याकाळी तिघं हळूहळू वाळूपर्यंत गेले. बायको पाण्यात शिरली. तिच्या चपला हातात धरून तो ताईशेजारी उभा राहिला.

“ताई, त्या दिवशी मी...”

“मी कठड्याला धरून रस्त्याकडे बघत उभी होते,” ताई म्हणाली. “किनारा दिसेनासा झाला तरी. मग हात दुखायला लागला, म्हणून सोडला.”

तिने एवढंच सांगितलं. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. लाट आली तेव्हा बायको लहान मुलीसारखी किंचाळली, आणि ताई म्हणाली, “अजून तश्शीच आहे. जा, धरा तिला, पडेल.” चपला ताईच्या हातात देऊन तो बुटांसकट पाण्यात गेला.

रविवारी घरी आले तर काकूंनी सगळ्या घराला इस्त्री केलेली. त्याच्या हातरुमालांनासुद्धा कडक घड्या. “चोर आला असता ना,” काकू म्हणाल्या, “तर तुमच्या घरात कंटाळून परत गेला असता.”

त्यानंतर दर वर्षी ते दोघं किनाऱ्यावर जात राहिले. ताई होती तोवर तिच्याकडे, आणि पुढे तिच्या नसण्याकडे. डोळे अधू झाले तसं त्याने दुकान बंद केलं, पण गावातल्या वाचनालयाचं जुनं कुलूप सांभाळायचं काम तेवढं स्वतःकडे ठेवलं. दर शनिवारी वाचनालय बंद झालं की तो जाऊन ते लावून बघायचा.

तो त्याच्या आयुष्यातला शेवटचा शनिवार, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. बायको भाजीची पिशवी घेऊन पायरीवर बसली होती. त्याने खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, किल्लीच्या दातांवर शिसं चोळलं, दोनदा फिरवलं. कुलूप बसल्याचा आवाज ऐकला. एकदाच ओढलं.

“लागलं का?” बायकोने विचारलं.

“लागलं,” तो म्हणाला. भाजीची पिशवी तिच्या हातातून घेतली, आणि दोघं घराकडे निघाले.