मामीचा पदर आणि गुलाबी प्लेट

धुळ्यापासून जळगावपर्यंत माझ्या मामीइतकं हसणारं माणूस सापडणार नाही, आणि तिचं हसू पाहिलेलं माणूसही सापडणार नाही. विनोद संपायच्या आत पदर तोंडावर जायचा आणि पुढे नुसते खांदे हलायचे. मयताच्या घरीही हलायचे. लोकांना वाटायचं, केवढी मायाळू बाई, किती रडते!

याचं मूळ तिच्या पुढे आलेल्या दातांत होतं. लग्न जमावं म्हणून जळगावला माहेरी तिच्या दातांना तारा बसवल्या होत्या. दात मागे गेले, लग्न जमलं. तारा निघाल्यावर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून डॉक्टरांनी रोज घालायला एक गुलाबी प्लेट दिली. तिच्या आईने ती कौतुकाने रुखवतात, करंज्यांच्या शेजारी मांडली. धुळ्याला आल्यावर माझ्या आजीने, म्हणजे तिच्या सासूने, ती दागिन्यांच्या पेटीत कुलूपबंद केली. "मोलनी वस्तू शे. रोज कसाले घालस? सणवारले घाल." मामीने पोळ्याला, दिवाळीला नेमाने घातली. पुढे ती बसेना. संध्याकाळी गुरं गोठ्याकडे वळावीत तसे दात जुन्या जागी परतले होते.

पस्तिशीत मामी पुन्हा जळगावच्या डॉक्टरांकडे जाऊ लागली. या वेळी तारा नव्हत्या, काढता-घालता येणाऱ्या प्लेटा होत्या. मी तेव्हा बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटायचो. मी तिला सुनावलं, "बाईचे दात सरळच हवेत, ही सक्ती कुणाची?" ती म्हणाली, "भाचेबुवा, मागच्या तारा लग्नासाठी होत्या. ही प्लेट माझी आहे." शेतातल्या भरीत पार्टीत ती प्लेट काढून कमरेच्या डबीत ठेवायची आणि शेवटचा घास गिळताच चूळ भरून पुन्हा चढवायची. कुणी बघायला मागितली तर म्हणायची, "ही पेटीतली नाही, तोंडातली वस्तू आहे."

दोन वर्षांत दात सरळ झाले. पदर मात्र जिथल्या तिथे.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हाची गोष्ट. जेवण उरकून मामीने प्लेट चढवली. आजी टक लावून बघत होती.

"आते रोज घालस का?"

"रोज, आई."

"मंग पदर कसाले? दखू दे ना वं."

मामीला हसू फुटलं, पदर वर गेला. आजीने तो खाली ओढला आणि बराच वेळ बघत राहिली.

आजी गेली. मामी अजून तितकीच हसते. पदर हनुवटीपर्यंत येतो आणि तिथे थांबतो, कुणीतरी खाली ओढील याची वाट बघत.