अण्णांची कोळंबी

नोकरीसाठी पुण्याला निघाले त्या सकाळी मी आईच्या गळ्यात पडले नाही. रिक्षा दारात उभी होती आणि मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, सूचना देत होते. खाणं एक दिवसाआड, तेही चिमूटभर. नळाचं पाणी थेट ओतू नका, पिंपात दोन दिवस ठेवलेलंच घाला. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेले अण्णा मान हलवत होते. "बघतो की तुज्या झिंग्यांचं. तू गाडी पकड."

झिंगे म्हणजे माझी शोभेची कोळंबी. गोड्या पाण्यातली, नखाएवढी, लालबुंद. कॉलेजात असताना दहा आणली आणि वेडच लागलं. काचेच्या टाकीसमोर बसले की जेवणाची हाक ऐकू यायची नाही. मादी पोटाखालची अंडी पायांनी सारखी हलवत राहते, आणि एके दिवशी शेवाळावर स्वल्पविरामाएवढी पिल्लं दिसतात. त्यातली फिकट वेगळी काढायची, गडद वाढवायची. पिढ्या जातात तसा रंग चढतो. अण्णा म्हणायचे, "खायला न्हाय, विकायला न्हाय, मग पाळतीस कशाला?"

मी गेल्यावर पंधराएक दिवसांत त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "एक मेली गं. नुसतं टरफल उरलंय."

मला हसू आलं. "मेली नाही अण्णा, कात टाकलीय."

तेव्हापासून ते माझ्याहून वेडे झाले. सोलापूरच्या त्या उन्हाळ्यात पाणी गार राहावं म्हणून घरातला टेबलफॅन त्यांनी टाकीवर लावला आणि आईच्या हातात पुठ्ठा दिला. चार दिवसांनी नळाला पाणी आलं की पहिलं पिंप कोळंबीचं. रोज दुपारी, माझ्या लंच ब्रेकमध्ये, फोन. कोणती पोटुशी हाय, कोणती पानामागं लपून बसलीय. जो माणूस आयुष्यभर माझ्याशी मार्कांपलीकडे काही बोलला नव्हता, तो अर्धा-अर्धा तास बोलायचा.

दिवाळीला मी घरी गेले आणि सगळी कोळंबी घेऊन आले.

पुण्यात मोठी टाकी घेतली होती. हौशी लोकांच्या ग्रुपवर जो तो आपल्या लाल रंगाचे फोटो टाकायचा, मलाही टाकायचे होते. टाकीत पाणी भरून जेमतेम आठवडा झाला होता. नव्या पाण्यात महिनाभर काही सोडायचं नसतं, हे मला पाठ होतं. अण्णा म्हणाले, "निम्मी ऱ्हाऊ दे की हितं."

"या वयात तुम्हाला कशाला त्रास?" मी म्हणाले. पिशव्या त्यांनीच भरल्या, एकेक जाळीने अलगद उचलून.

चौथ्या दिवशी ती सगळी तळाशी पडली होती, उकडल्यासारखी गुलाबी.

अण्णांना मी सांगितलं, मजेत आहेत. त्यांनी व्हिडिओ मागितला. मोबाइलमध्ये सोलापूरच्या टाकीचा एक जुना होता, तो पाठवून दिला. लगेच फोन आला. "काचंत मी दिसतुय की गं. बनियनवर." मग विचारलं, "कवा मेली?"

मी सांगितलं. "बरं," म्हणाले. त्यानंतर आईच फोन करते.

पुढच्या सुट्टीत मी विचारलं, "नवी आणून देऊ?"

"नगं. तू परत नेशील." आवाजात राग नव्हता. सुट्टे नाहीत म्हणून सांगावं, तसं सांगितलं.

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले पुष्कळ जण म्हणतात, आम्ही निघालो आणि घर सुटलं. माझं उलट झालं. वडील मला मिळाले ते मी गेल्यावर, दुपारच्या त्या फोनवर. आणि घालवले ते घरी येऊन, स्वतःच्या हाताने.

आता सोलापूरला गेले की अण्णा पेपर खाली ठेवून विचारतात, "आफिस कसं चाललंय?" मी "बरं चाललंय" म्हणते. मग ते पुन्हा पेपर उचलतात.