माणूस पोचल्याशिवाय मशीन फिरत नाही

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. अप्पांनी बाजार समितीत पोती वाहून मला शिकवलं. शाळेतल्या गुरुजींनी "आधी कारण शोध, मग बोल" हे डोक्यात इतकं पक्कं बसवलं, की करणी, चकवा असलं कोणी बोलायला लागलं की मी उठून जातो. या ग्रुपवर आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं. बायको म्हणाली, लिहा, कोणाला तरी माहीत असेल. म्हणून लिहितोय. आणि खरं सांगू का... मला भीती वगैरे वाटत नाही. मला वैताग आलाय.

आम्ही नालासोपारा पूर्वेला आचोळ्यात राहतो. वन आरके, तिसरा मजला. पाणी सकाळी थोडा वेळ येतं, त्यात सगळं उरकायचं. मोठ्या मशीनला जागा नाही, म्हणून पोर्टेबल वॉशिंग मशीन घेतली – झाकणाची मोठी बादलीच म्हणा. मोरीत ठेवायची, वरून पाणी ओतायचं, टायमरचं बटण फिरवायचं, की तळाची चकती फिरते. शेवटी पाइप खाली सोडून पाणी काढायचं, कपडे आपल्याच हाताने पिळायचे. इतकं साधं यंत्र, त्यात बिघडणार काय?

पहिल्यांदा झालं तेव्हा मी ऑफिसच्या कामासाठी नाशिकला निघालो होतो. वैशालीने, म्हणजे बायकोने, मी काढून ठेवलेले कपडे मशीनला लावले. दिवा लागला, घूं असा आवाज आला, पण चकती फिरेना. तिने नाद सोडला. नाशिकला उतरून मी "पोचलो" म्हणून फोन केला. बोलता बोलता तिने सहज पुन्हा बटण फिरवलं, आणि मागे मशीन सुरू झाल्याचं मला ऐकू आलं.

"व्होल्टेज कमी असेल," मी म्हणालो.

मग वैशाली माहेरी गेली, इथे जवळच आगाशीला. मी तिचा गाउन आणि माझे शर्ट एकत्र लावले. मशीन ढिम्म. गाउन बाहेर काढला, फिरली. परत घातला, बंद. शेजारच्या काकूंचा जाड पडदा मागून आणला आणि घातला, तो आरामात धुऊन निघाला. म्हणजे प्रश्न वजनाचा नाही, व्होल्टेजचाही नाही. एका सुती गाउनमध्ये असं काय असतं? तेवढ्यात वैशालीचा मेसेज आला, "आत्ता पोचले, बस लेट होती." गाउन घातला, मशीन फिरली. आता मला सांगा, आचोळ्याहून आगाशी हा काय प्रवास आहे? निदान अंतराचा तरी काही नियम असावा.

जवळच तुळिंजला दुरुस्तीच्या दुकानात मशीन नेली. तिथे ती शहाण्यासारखी चालली. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, मशीन एकदम ओके. घरचं वायरिंग बघा." वायरिंग बघितलं. प्लग बदलला. पुढच्या वेळी मी सुरतला निघालो आणि पुन्हा तेच.

एकदा भाजी निवडताना वैशाली म्हणाली, "आई म्हणायच्या ना, निघालेलं माणूस पोचल्याशिवाय त्याचे कपडे पाण्यात घालायचे नाहीत."

आई म्हणजे माझी आई. ती जाऊन काही वर्षं झाली, ही मशीन तिने पाहिलीही नव्हती. पण नियम तिचाच. मी सुट्टी संपवून हॉस्टेलला निघालो की माझे मळके कपडे खुंटीवर तसेच राहायचे. पोचल्याचा निरोप आला की मगच ती ते विहिरीवर न्यायची.

"मशीनला कसं कळणार कोण पोचलं ते?" मी चिडून विचारलं.

"ते तुम्ही सांगा. फिजिक्स तुमचं."



मग गावाहून अप्पा आले. बीपीच्या तपासण्या करून घेतल्या, औषधं बदलली. मी म्हणत होतो, इथेच राहा. पण त्यांना वन आरकेत कोंडल्यासारखं होतं. शेवटी रविवारी सकाळी पोचतील अशा बेताने त्यांना शनिवारी गावाकडे, सोलापूरच्या एसटीत बसवून दिलं.

रविवारी पाणी आलं तेव्हाच अप्पांचा फोन आला. "पोचलो रं. च्या पितोय. तू काळजी करू नगं."

मी निश्चिंत झालो. त्यांचा पायजमा आणि बंडी मशीनमध्ये घातली, बटण फिरवलं. घूं. चकती जागची हलेना. या वेळी मी बरोबर नियमाप्रमाणे वागलो होतो. माणूस पोचला होता, तसं त्याने स्वतः सांगितलं होतं. मी मशीनला दोन थपडा लावल्या. तिकडे नळाची धार बारीक होत चाललेली.

वैशाली मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. "अप्पांना फोन लावा."

"आत्ताच बोललो ना. चहा पितायत."

"मग शेजारी लावा."

"मशीन फिरत नाही म्हणून लोकांना सकाळी सकाळी फोन करू?"

"करा. हसतील फार तर."

गावी आमच्या शेजारच्या बाळूकाकांना फोन लावला. ते म्हणाले, "अप्पा? न्हाई बा. दाराला कुलूप हाय की."

पुन्हा अप्पांना लावला. "अप्पा, दाराला कुलूप आहे म्हणे."

पलीकडून एसटी स्टँडचा गलका ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "इंदापूरला उतरलो. जरा छातीत भरून आलंय. बसलोय बाकड्यावर, बरं वाटंल. तुझी रजा पडंल म्हणून बोललो न्हाई."

हॉस्टेलवर माझ्या खोलीत राहणारा मित्र आता इंदापुरात मास्तर आहे. मी फोन केल्यावर तो मोटारसायकलवर स्टँडवर गेला, तिथून रिक्षाने अप्पांना दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅक होता. मी पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

डिस्चार्ज मिळाल्यावर अप्पांना मी आचोळ्याला घेऊन आलो. मशीनमधून काढलेले त्यांचे कपडे तोवर दुसऱ्या बादलीत तसेच पडून होते. हाताने धुवायला कोणी अडवलं नव्हतं. वैशालीने धुतले नाहीत, आणि मीही फोनवर तिला "धुऊन टाक" असं एकदाही म्हणालो नाही. अप्पा जिना चढून वर आले, खुर्चीत टेकले. वैशालीने मोरीत जाऊन कपडे मशीनमध्ये घातले, बटण फिरवलं. मशीन फिरायला लागली.

मी सगळं तपासलंय. कपॅसिटर बदलला, बेल्ट पाहिला, वेगळ्या बोर्डवर लावून बघितली. कारण सापडलेलं नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा, पण कृपा करून लिंबू-मिरची सुचवू नका.

बरे झाल्यावर अप्पा हट्टाने गावी गेले. या वेळी मी स्वतः सोबत गेलो. हल्ली ते सोलापूरला तपासणीला जाऊन आले की फोन करतात. त्यांची एक बंडी वैशालीने मुद्दाम इथे ठेवून घेतली आहे.

"पोचलो रं घरी," म्हणतात, आणि जरा थांबून विचारतात, "फिरली का?"