मांडवगणने मला ओळखायला नकार दिला

मी फ्रीलान्स पत्रकार आहे. शिरूरच्या एसटी डेपोवरून पाठपिशवी घेऊन निघायचं आणि दोन-चार दिवसांनी कुठल्या तरी परक्या बाजारात हातवारे करत माणसांना बोलतं करायचं, हे माझं काम. मंगोलियात मी घोड्यांचे दात बघणाऱ्या वैद्यावर लिहिलंय, बांगलादेशात नावेत दुकान थाटलेल्या न्हाव्यावर. त्याच्याकडून दाढी करून घेताना मोठी लाट आली होती. वस्तऱ्याचा तो व्रण हनुवटीवर आहे आणि कुणी विचारलं नाही तरी मी दाखवतो. पण माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा विजय झाला मांडवगण फराट्यात, आणि तो होत असताना मी डेअरीच्या पायरीवर तोंड बंद करून बसलो होतो.

सिंगापूरच्या एका मासिकासाठी लेख करत होतो: शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या बायका. एक व्हिएतनामची, एक नेपाळच्या तराईतली आणि तिसरी आमच्या मांडवगणची. ही बाई जळालेली मोटार उघडते, आतली काळी पडलेली तार उपसून काढते आणि नवी तांब्याची तार वेढ्यावेढ्याने भरते. मी तिच्या दुकानात चार दिवस ठाण मांडून होतो. लेखाचा शेवट तिच्यावर होता आणि मुखपृष्ठावर तिचाच फोटो जाणार होता. पन्नाशी उलटल्यावर माझा पहिला मुखपृष्ठावरचा लेख!

त्या मासिकाची एक पद्धत आहे. लेख छापण्याआधी त्यांची तपासनीस लेखातल्या प्रत्येकाला स्वतः फोन करते आणि ओळ अन् ओळ खरी आहे का विचारते. त्या वेळी पत्रकाराने जवळ थांबायचं नाही. आमची तपासनीस मूळची नागपूरची, स्वच्छ मराठी बोलणारी. मी निर्धास्त होतो. इतका निर्धास्त की 'तुम्हाला फोन येईल' हे मांडवगणात कळवायलाच विसरलो.

एका सकाळी तपासनिसाचा निरोप आला. "सर, त्या ताई म्हणतात त्या मोटारी दुरुस्त करत नाहीत. समोरचे डेअरीवाले म्हणतात गावात असं दुकानच नाही. त्यांचे वरवंडचे गिऱ्हाईक म्हणतात त्यांच्याकडे विहीर नाही. तुम्हाला कुणीच ओळखत नाही. उद्या दुपारपर्यंत खुलासा झाला नाही, तर हा भाग काढावा लागेल."

भाग गेला की मुखपृष्ठ गेलं. आणि पत्रकार मनाने माणसं रचतो असा संशय एकदा आला की त्याला पुन्हा कोण काम देणार? मी घाम पुसतोय तोच मांडवगणहून त्या बाईचाच फोन.

"जय भीम, दादा! सावध ऱ्हावा! तुमच्या नावावर कुनीतरी बाई फशिवतीया. नंबर भायेरच्या देशातला. वय काय, नवरा काय करतो, दुकानात मोटारी किती येत्यात... मी सांगितलं, असल्या मानसाला आमी वळखत न्हाई!"

"बरं केलंत," मी कसंबसं म्हणालो.

"डेअरीत सांगून ठिवलं, वरवंडच्या आप्पांना फोन लावला. समद्यांनी एकजात न्हाई म्हणून सांगितलंय. तुमी अजाबात काळजी करू नका!"

आदल्याच आठवड्यात बाजारात पोलिसांची गाडी भोंग्यावरून सांगत फिरली होती, की अनोळखी फोनवर काहीही सांगू नका. दोन तालुक्यांतली माणसं केवळ माझ्या प्रेमापोटी एका सुरात खोटं बोलली होती! बुडत असतानाही माझी छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मांडवगण गाठलं, सगळा प्रकार समजावला आणि तपासनिसाला पुन्हा फोन करायला कळवलं. मग नियमाप्रमाणे दुकानातून बाहेर पडलो आणि समोरच्या डेअरीच्या पायरीवर बसलो. दिवसभर मोटारींच्या आवाजात राहून बाई बोलते खणखणीत, आणि फोन तिने स्पीकरवर टाकला होता. मला काही ऐकू येऊ नये म्हणून मी कान झाकले असते, पण हात मोकळे नव्हते. एका हातात चहा होता, दुसऱ्यात बिस्कीट.

"आता वळखू का तुमाला?" डेअरीवाल्याने हळूच विचारलं.

"ओळखा हो, कृपा करा."

पलीकडून तपासनिसाने नमस्कार केला. बाई म्हणाली, "थांबा. आदी तुमची खात्री करू द्या. दादांनी मला सांगितलं तेच समदं तुमाला लिवून दिलंय म्हनं. मंग सांगा, ती व्हिएतनामची बाई मोटार चालू करायच्या आदी काय करती?"

फोनमध्ये कागद चाळल्याचा आवाज.

"मोटारीवर दोनदा थोपटते," तपासनीस म्हणाली.

"कशापायी?"

"ते... टिपणात नाही, ताई."

"असू द्या. मला ठाव हाय. ती मोटारीला उठिवती. मीबी उठिवते. इचारा आता काय इचारायचं ते."

मग ओळीमागून ओळ आली आणि ओळीमागून 'व्हय'. मी बिस्कीट बुडवलं. एवढ्यात तपासनिसाने वाचलं, "हे काम त्या नवऱ्याकडून शिकल्या."

"कोन म्हनलं?"

"लेखात आहे, ताई."

"खोडा ते! मोटारीच्या कंपनीत वायंडिंगच्या, तार भरायच्या लायनीवर मी व्हते. नवऱ्याला मी शिकिवलं. तो मागं तारंला वार्निश लावतोय, इचारा त्याला."

मागून बारीक आवाज आला, "व्हय, तिनंच शिकिवलं."

डेअरीवाला माझ्याकडे वळला. "चार दिस बसलात दादा, आन् एवढंबी इचारलं न्हाई?"

नव्हतं विचारलं. नवरा-बायको एका दुकानात दिसले आणि कोण कुणाचा गुरू हे मी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

दहाच्या आत निरोप आला: सगळं पक्कं, एक दुरुस्ती, मुखपृष्ठ कायम. मी अशी आरोळी ठोकली की डेअरीत कॅन धुणारे बाहेर धावत आले. बाईही हातात तारेचं रीळ घेऊन रस्ता ओलांडून आली.

"झालो पास?"

"तुम्ही पहिल्या नंबरानं. मी आपला काठावर."

"मंग ते वाक्य आत्ता हितंच लिवा. आदी मराठीत. मी वाचल्याबिगर सोडत न्हाई."

मी पायरीवर बसून लिहिलं: कंपनीत शिकलेलं हे काम त्यांनी घरी येऊन चक्क नवऱ्याला शिकवलं. तिने कागद घेतला, वाचला, आणि माझ्याच पेनाने एक शब्द खोडला.

"चक्क कशाला?"

वाक्य त्या शब्दाविना सिंगापूरला गेलं आणि तसंच छापून आलं.