शीवच्या रस्त्यावर निसटलेलं चाक

गाठीचा ताप गिरगावात शिरला तेव्हा माझा मुलगा जेमतेम बसायला लागला होता. समोरच्या चाळीतून लागोपाठ माणसं गेली, आणि सासूबाईंनी ठरवलं की कल्याणला त्यांच्या भावाकडे जायचं. आगगाडी नकोच म्हणाल्या. स्टेशनावर डॉक्टर काखेत, जांघेत गाठ चाचपायचे आणि अंग जरा कढत लागलं की माणूस उचलून इस्पितळात न्यायचे. पोराला ताप होता. दातांचा आहे, दातांचाच आहे, असं सासूबाई घोकायच्या. मी मात्र घटकेघटकेला त्याची काख चाचपून बघायची.

म्हणून छकडा ठरवला. वर तट्ट्याचं छप्पर, आत गवतावर गादी, पाण्याची कळशी, शेगडी, मागे पडदा. चाकांवरचं बिऱ्हाडच म्हणा ना. मागची फळी तेवढी सुंभाने बांधलेली. मला तो मेला छकडा बघताक्षणीच आवडला नव्हता, पण सुनेला कोण विचारतंय!

सासूबाई रीतीभातीला फार कडक. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, कुठे निघालात म्हणून विचारायचं नाही. त्या दिवसांत तर त्यांनी सगळ्या घराला दमच भरला होता. आमचे हे कचेरीत कारकून, रजा मिळेना म्हणून मागे राहिले. त्यांनी पोराच्या टाळूवरून हात फिरवला आणि दाराशी गप्प उभे राहिले. उजाडताना आम्ही निघालो.

लालबागच्या पुढे उजवं चाक कुरकुरायला लागलं. गाडीवान उतरला, चाकाशी काहीतरी खुडबुड केली आणि परत चढला. मी विचारलं तर म्हणाला, वंगण कमी पडलंय. सासूबाईंनी डोळे वटारले. वाटेत अभद्र विचारू नये, म्हणे. दादर मागे पडलं तसं ते चाक डुलायला लागलं. प्रत्येक खड्ड्याला छकडा उजवीकडे कलायचा, शेगडीतले निखारे खडखडायचे आणि मी पोराला छातीशी अधिकच आवळायची. पोर तापाने इतकं मलूल झालं होतं, की एवढ्या धक्क्यांतही रडत नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

शीवच्या अलीकडे एका अंगाला मिठागरं आणि दुसऱ्या अंगाला खाडीचा काळा चिखल. तपासणीची माणसं यायच्या आत खाडीवरचा पूल ओलांडायचा म्हणून गाडीवानाने बैल पिटाळले. मी पडदा जरा सारला. आमचे हे मागून धावत येत होते. डोक्याला पगडी नाही, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, एक हात वर केलेला. आणि तोंड घट्ट मिटलेलं. मला वाटलं, घरी कोणीतरी गेलं. सासूबाईंनी पडदा ओढून घेतला.

"मागे बघू नकोस," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात चाक गेलं. छकडा चिखलाच्या बाजूला कोसळला, सुंभ तुटला, फळी निखळली आणि पोर माझ्या हातातून सटकलं. दुपट्याचं टोक तेवढं मुठीत राहिलं. सासूबाईंनी माझा अंबाडा धरून मला मागे खेचलं, मी दुपटं खेचलं. शेगडी खाली चिखलात जाऊन चुरचुरली. पोर तिच्यापासून वीतभर अंतरावर लोंबत होतं. मग ते रडलं बाई! इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही.

हे पोहोचले तेव्हा त्यांना धड श्वास घेता येत नव्हता. मुठीत लोखंडी खीळ होती. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला घालतात ती. आम्ही निघालो त्या जागीच ती पडली होती. गाडीवानाने लालबागला तिच्या जागी चिंधी गुंडाळलेली काटकी ठोकून वेळ मारून नेली होती. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार माझ्या ओठांवर आला होता, पण आधी यांच्याकडेच वळले.

"अहो, हाक का नाही मारलीत?"

"मारणार होतो," ते म्हणाले. "दोनदा तोंड उघडलं. पण याला ताप आहे ना गं. मी हाक मारली आणि हा गेला, तर?"

सासूबाई पदर तोंडाशी धरून रडत होत्या.

चाक बसवलं, खीळ ठोकली. बैल जुंपून तयार होते, तरी कोणी चला म्हणेना. निघायचं म्हणजे यांनी पुन्हा मागे राहायचं. शेवटी सासूबाईंच्या देखत मीच म्हणाले, पुलापर्यंत चाकाच्या बरोबरीने चाला, आणि नंतरही काही दिसलं तर ओरडा. सासूबाईंनी पोराचं दुपटं सारखं केलं.

हे पुलापर्यंत आले आणि थांबले. या खेपेला पडदा मी वरच धरून ठेवला. ते लहान लहान होत दिसेनासे झाले, तरी ते ओरडतायत का म्हणून मी कान देऊन बसले होते.